तगणे आणि तगवणे

मदतकार्य करणाऱ्या संस्थांची निवेदने, आवाहने, वार्षिक अहवाल आणि गुळगुळीत कागदावरच्या पुस्तिका हे सगळे मिळून आता एक स्वतंत्र वाङ्मयच झाले आहे, आणि त्या वाङ्मयातला एक शब्द आम्हाला पुष्कळ दिवस खुपतो आहे. इंग्रजीतला 'रेझिलिअन्स' हा तो शब्द. भूकंपानंतरचे मूल, छावणीतले मूल, धान्याच्या रांगेत उभे असलेले मूल यांच्या छायाचित्राखाली तो हमखास असतो. मराठीत आणताना त्याची लवचीकता होते, चिवटपणा होतो, जिद्द होते, कधी उभारीही होते. यांतला एकही शब्द नीट बसत नाही. लवचीकता वेताच्या छडीला शोभते. चिवटपणा मराठीत अर्धा दोषच आहे. जिद्द असायला समोर निवड असावी लागते, आणि ज्याला घरासकट उचलून नेले त्याच्यापुढे कसली आली निवड?

मराठीत या अर्थाच्या सर्वांत जवळचे क्रियापद आहे 'तगणे'. रोप तगले, दुबळे वासरू तगले, सातव्या महिन्यात जन्मलेले पोर तगले. या क्रियापदात स्तुती नाही. रोप तगले असे ऐकले की ऐकणारा रोपाचे अभिनंदन करीत नाही. पाणी कोणी घातले, सावली कशाची केली, एवढेच विचारतो. शिवाय याच क्रियापदाचे प्रयोजक रूप भाषेत हाताशी आहे: तगवणे. तगणाऱ्यामागे तगवणारा असतो ही समजूत मराठीच्या व्याकरणातच बसलेली आहे. (दुष्काळात सरकार शेतकऱ्याला देई ती 'तगाई' मात्र वेगळ्या कुळातली, ती अरबीतून आली, आणि तिच्या मुळाशी 'बळ देणे' असा अर्थ आहे. पण मराठी कानाने या दोघींना शेजारी बसवले असेल तर त्यात कानाची चूक नाही.)

आमचे म्हणणे असे की मदत घेणाऱ्या समाजातील मुलांबद्दल बोलताना आपण तगण्याचे इतके कौतुक करू लागलो आहोत, की तगवण्याचा हिशेब मागायचा राहून जातो. हे म्हणणे हवेत राहू नये म्हणून एका ठिकाणाचा आधार घेतो. ते ठिकाण कोल्हापूरजवळ आहे, आणि त्याची गोष्ट अर्धीच सांगितली जाते.

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीपाठोपाठ सोव्हिएत फौजा पोलंडच्या पूर्व भागात शिरल्या. १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत चार मोठ्या खेपांमध्ये तिथली काही लाख माणसे मालगाडीच्या डब्यांत भरून सैबेरिया, कझाकस्तान आणि रशियाच्या उत्तरेकडील लाकूडतोडीच्या वसाहतींकडे पाठवण्यात आली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि राजकारण फिरले. जुलैच्या अखेरीस लंडनमधील पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला आणि या माणसांना 'माफी' मिळाली. गुन्हा कोणता हे मात्र त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. जनरल अँडर्स यांच्या नव्या सैन्यामागोमाग हे लोक दक्षिणेकडे सरकत गेले. १९४२ साली कॅस्पियन समुद्र ओलांडून सुमारे १ लाख १५ हजार माणसे इराणात उतरली, आणि त्यांपैकी तिसरा हिस्सा सैनिक नव्हता. वाटेत टायफसने, हगवणीने आणि भुकेने किती मेली याचा नेमका आकडा नाही. इराणात उतरल्यावरही मेली. दीर्घ उपासानंतर एकदम पोटभर अन्न मिळाले म्हणूनही काही मेली.

यांतली काही मुले जामनगरजवळच्या बालाचडी येथे आली. नवानगरच्या जामसाहेबांनी, म्हणजे दिग्विजयसिंहजींनी, अनाथ मुलांसाठी तिथे वसाहत उघडली. दुसरा आणि कितीतरी मोठा गट १९४३ पासून कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या काठी वळिवडे येथे उतरला. सुमारे पाच हजार माणसे. बहुतेक बायका, मुले आणि थोडी म्हातारी माणसे. बाप अँडर्सच्या फौजेत होते, नाहीतर कॅटिनच्या जंगलातल्या खड्ड्यात. ही वसाहत १९४८ पर्यंत टिकली.

आता या मुलांना तगवले कशाने ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे ती आयांबरोबर होती. अनाथांसाठी वेगळी सोय होती, पण वसाहतीचा मूळ साचा कुटुंबाचा होता: लांबच लांब बराकी, आणि त्यांत कुटुंबागणिक वेगळ्या खोल्या. एकाच स्वयंपाकघरासमोर ताटली घेऊन उभे राहण्याऐवजी आईने चूल पेटवायची आणि आईनेच वाढायचे. छावणी आणि घर यांत फरक पडतो तो इथे. ताटलीत पडणारे अन्न दोन्हीकडे सारखेच असेल, पण रांगेतल्या मुलाला ते संस्था देते आणि खोलीतल्या मुलाला आई देते. आईला थोडा भत्ता हातात मिळे, त्यातून ती बाजार करी. काय आणायचे हे ती ठरवी. वळिवड्याच्या आणि आसपासच्या भाजीवाल्यांशी या बायका खाणाखुणांनी आणि मोडक्यातोडक्या शब्दांनी घासाघीस करीत. घासाघीस करणारी आई मुलाने रोज पाहिली. आम्हाला या साध्या गोष्टीचे मोल फार वाटते. ज्याच्या आईला 'नको' म्हणता येते, ते मूल भिकारी होत नाही.

दुसरी गोष्ट शाळा, आणि ती स्वतःच्या भाषेत. वळिवड्यात प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक शाळा होत्या, धंदेशिक्षणाची सोय होती. पुस्तके पुरेशी नव्हती. काही पोलिश पाठ्यपुस्तके युद्धकाळात जेरुसलेममध्ये छापून या विखुरलेल्या शाळांना पुरवली जात; उरलेले हाताने उतरवून घ्यावे लागे. शिक्षकांतल्या पुष्कळ स्त्रिया स्वतः त्याच मालगाड्यांतून आलेल्या होत्या. जो भूगोल शिकवायचा त्या भूगोलाचा नकाशा रोज बदलत होता, आणि जे शहर मुलांनी आपले म्हणून पाठ केले ते युद्ध संपल्यावर आपल्या देशात राहणार नाही याची कल्पना बाईंना नव्हती. तरी परीक्षा वेळेवर होत. बालवीरांची पथके होती, नाटके होती, चर्च होते, दवाखाना होता. कोणी म्हणेल, परक्या देशात एवढा थाट कशाला? पण परीक्षेची तारीख ठरलेली असणे म्हणजे पुढच्या वर्षी आपण असणार आहोत असे मुलाला मोठ्या माणसाने दिलेले लेखी आश्वासनच असते.

तिसरी गोष्ट बालाचडीची आहे, आणि ती आठवणींमधून सांगितली जाते. तिथल्या मुलांना पालक आवडत नसे, आणि तो वारंवार ताटात येई. मुलांनी संप केला: पालक खाणार नाही. ही वार्ता जामसाहेबांच्या कानी गेली, आणि त्यांनी पालक बंद करायला सांगितला. किस्सा गोड आहे, पण आम्ही तो गोडव्यासाठी सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी हीच मुले बटाट्याच्या सालींसाठी झटत होती. ती पानातले अन्न नाकारू लागली, हे त्यांच्या बरे होण्याचे लक्षण आहे. आणि नाकारलेले ज्याने मनावर घेतले त्याने त्यांना औषधापेक्षा अधिक दिले. मदत देणाऱ्यांच्या लेखनात मुले नेहमी हसतात, खातात आणि आभार मानतात. तक्रार करणारे मूल त्यांत सापडत नाही. आमच्या मते मदतीची खरी पारख तक्रार करणारे मूलच करते.

मुलांनी लिहिलेले काही आपल्याजवळ आहे काय, असा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला पडायला हवा. आहे. पूर्वेकडील पोलिश सैन्याच्या दस्तऐवज विभागाने या पिढीतल्या मुलांकडून, इराणमधल्या आणि मध्यपूर्वेतल्या पोलिश शाळांतून, हद्दपारीच्या अनुभवावर निबंध लिहवून घेतले. पुढे हे सारे कागद अमेरिकेतल्या हूवर संस्थेत गेले, आणि इरेना ग्रुजिन्स्का-ग्रॉस व यान तोमाश ग्रॉस यांनी त्यांतले १२० निबंध निवडून १९८१ मध्ये 'वॉर थ्रू चिल्ड्रन्स आईज' या नावाने प्रसिद्ध केले. मोठ्यांच्या आठवणी वाचून मग हे निबंध वाचले की पहिला धक्का विशेषणांच्या अभावाचा बसतो. मुले यादी करतात. किती वाजता दार वाजले, काय उचलू दिले, डब्यात किती जण होते, भाकरी किती ग्रॅम मिळे, बाबा केव्हा वारले, मग धाकटा भाऊ केव्हा. दोन मृत्यूंच्या मध्ये भाकरीचे वजन येते आणि तिन्ही गोष्टी एकाच स्वरात येतात. करुणरसाची जी सामग्री आपण विद्यार्थ्यांना विभाव, अनुभाव म्हणून शिकवतो, तिच्यातले विभाव तेवढे इथे आहेत; अनुभाव मुलांनी आपल्यापाशी ठेवून घेतले आहेत. हे संयमाचे तंत्र आहे असे कोणी म्हणेल तर आम्ही ते मान्य करणार नाही. मुलाला अजून हे ठाऊक नाही की हे सांगताना रडायचे असते. ते त्याला पुढे कळेल, मोठा होऊन त्याने आठवणी लिहिल्या म्हणजे.

पण याच निबंधांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ते कोणी, कशासाठी लिहवून घेतले? सैन्याने, पुराव्यासाठी. पोलंडच्या पूर्व सीमेचा वाद युद्धानंतर उभा राहणार हे दिसत होते, आणि त्या वादात मुलांची साक्ष उपयोगी पडेल असा हिशेब होता. हिशेब चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. घडले ते अन्यायाचेच होते आणि साक्ष खरीच होती. तरीही शाळेच्या वहीत, बाईंनी दिलेला विषय म्हणून, भावाचा मृत्यू लिहिणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाकडून काहीतरी घेतले गेले. भाकरी मिळाली, छप्पर मिळाले, आणि त्याबदल्यात गोष्ट द्यावी लागली. मदत घेणाऱ्या मुलाला आजही आपली गोष्ट अशीच द्यावी लागते. तेव्हा ती वहीत लिहून द्यायची, आता कॅमेऱ्यासमोर उभे राहून द्यायची, इतकाच फरक. आणि आताची गोष्ट एका विशिष्ट वळणाची लागते: आधी दुःख, मग संस्था, मग स्वप्न. मोठा होऊन डॉक्टर होणार असे म्हणणारे छावणीतले मूल किती अहवालांत भेटते! ग्रॉस दांपत्याच्या संग्रहातल्या मुलांना निदान असे सुखान्त वळण द्यावे लागले नाही.

वळिवड्याचा आज कोल्हापूरला अभिमान आहे. महावीर उद्यानात स्मारकस्तंभ आहे, पोलिश दफनभूमी जपलेली आहे, २०१९ मध्ये वसाहतीतले वृद्ध पुन्हा एकदा येऊन गेले. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. अभिमान वाटावा असेच हे आहे. पण अशा प्रसंगी 'अतिथी देवो भव' ची जी पखरण होते तिच्याविषयी आम्ही थोडे साशंक आहोत. त्या वर्षांत कोल्हापूरच्या गादीवर एक तान्हे म्हणावे असे मूल होते, आणि कारभार रीजन्सीकडे होता. जागा संस्थानाने दिली, लोकांनी सौजन्य दाखवले, व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली झाली, आणि वसाहतीचा खर्च मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकारच्या खात्यावर पडला. म्हणजे ही मुले निराधार होती, पण अगदी बेवारस नव्हती. त्यांच्यामागे एक सरकार होते, हद्दपारीतले का होईना. एक फौज होती, आणि ती फौज दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढत होती. १९४४ च्या मे महिन्यात मोंते कासिनोच्या टेकडीवर पोलिश सैनिक मरत होते, त्यांतल्या काहींची मुले वळिवड्यात गणित शिकत होती. या मुलांना मिळालेली व्यवस्था दयेतून आली होती तशीच ती कराराचा भागही होती. १९४५ च्या जुलैमध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेताच वसाहतीचे भवितव्य कसे डळमळले ते पाहिले म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. मुलांचा चिवटपणा १९४४ मध्ये जेवढा होता तेवढाच १९४६ मध्ये होता. बदलली ती त्यांची कायदेशीर स्थिती. ज्यांचे गाव आता सोव्हिएत हद्दीत गेले होते त्यांना परतायला जागा उरली नाही, आणि १९४७-४८ मध्ये ही कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, आफ्रिका अशी पांगली. थोडी पोलंडला गेली.

आणि १९४३ हे साल नुसते वळिवड्याचे नाही. पंचगंगेच्या काठी पहिल्या गाड्या रिकाम्या होत होत्या त्याच वर्षी, त्याच सरकारच्या अमलाखाली, बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यूंचा आकडा १५ लाख मांडला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. कलकत्त्याच्या दारोदारी मुले भात मागत नव्हती, भाताची पेज, 'फॅन', मागत होती, कारण भात कोणी देणार नाही हे त्यांना कळून चुकले होते. त्या मुलांना आपण चित्तप्रसाद आणि झैनुल आबेदीन यांच्या रेखाटनांतून ओळखतो. चित्तप्रसादांच्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. काळ्या शाईच्या त्या रेषांतली मुले बोलत नाहीत. त्यांना कोणी निबंधाचा विषय दिला नाही. त्यांच्यासाठी शाळा, खोली, आईच्या हातातला भत्ता, परीक्षेची तारीख यांतले काहीच नव्हते, आणि म्हणून ती तगली नाहीत. पोलंडची मुले चिवट आणि बंगालची मुले नाजूक होती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण तगण्याला मुलाचा गुण मानायचे म्हटले की वाक्य शेवटी तिथेच येऊन थांबते.

ही तुलना वळिवड्याला कमीपणा आणण्यासाठी नाही. युद्धाच्या, महागाईच्या आणि रेशनिंगच्या काळातही पाच हजार माणसांना घर, शाळा आणि दवाखाना देता येतो हे वळिवड्याने सिद्ध केले आहे. बंगालमध्ये ते अशक्य होते असे म्हणणाऱ्यांना वळिवडे हे उत्तर आहे.

गोष्टीचा न सांगितलेला अर्धा भाग आता. पोलिश कुटुंबे निघून गेली, पण बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे त्यांत आली. त्या जागेचे नाव गांधीनगर झाले, आणि आज पश्चिम महाराष्ट्रात गांधीनगर म्हटले की कापडाची घाऊक बाजारपेठ डोळ्यांपुढे येते. लग्नाचा बस्ता बांधायला तिथे गेलेल्या कितीजणांना ठाऊक असते की ही वसाहत एकदा नव्हे, दोनदा निर्वासितांची होती?

म्हणजे त्याच बराकी, काही महिन्यांच्या अंतराने, दोन भाषांतल्या मुलांनी पाहिल्या. पहिल्या मुलांची स्मारके झाली, पुस्तके झाली, माहितीपट झाले. दुसऱ्या मुलांची दुकाने झाली. सिंधी निर्वासितांच्या बाबतीत एक शब्द आवर्जून सांगितला जातो: 'शरणार्थी' म्हणवून घेणे त्यांना अपमानाचे वाटे, ते स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणत. या शब्दापुढे आमचे वरचे विवेचन थोडे अडखळते, आणि ते अडखळणे आम्ही लपवीत नाही. इथे तगण्याचे कौतुक बाहेरून चिकटवलेले नाही; ज्यांनी सोसले त्यांनीच ते आपले म्हणून उचलले आहे. कल्याणच्या छावण्यांत, म्हणजे पुढे उल्हासनगर झालेल्या जागेत, वाढलेल्या मुलांनी लोकल गाड्यांत गोळ्या, कंगवे, पेनसारख्या वस्तू विकल्याच्या आठवणी अभिमानाने सांगितल्या जातात, आणि त्या अभिमानावर शंका घेण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण एवढे विचारता येईल की लोकलमध्ये कंगवे विकणारा दहा वर्षांचा मुलगा त्या वेळी कोणत्या वर्गात असायला हवा होता? 'पुरुषार्थ' हा शब्द त्याच्या चुकलेल्या शाळेवर पांघरूण घालीत नाही काय?

भाषेचेही तसेच. वळिवड्यातल्या पोलिश मुलाला माहीत होते की आपली भाषा जिथली, तो देश नकाशावर आहे. सिंधी मुलाच्या भाषेचा प्रांत सीमेपलीकडे राहिला. लिपी अरबी ठेवायची की देवनागरी करायची या वादात मोठी माणसे अनेक वर्षे गुंतली; घटनेच्या आठव्या अनुसूचीत सिंधीला जागा १९६७ मध्ये मिळाली. तोवर मुले मोठी होऊन दुकानात बसली होती, आणि त्यांची मुले मराठी, हिंदी किंवा इंग्रजी शाळांत होती. पोपटी हिरानंदानी यांच्यासारख्या लेखिकांनी सिंधीत आत्मकथन लिहिले, साहित्य अकादमीने त्याचा गौरवही केला. परंतु गांधीनगरच्या शेजारी राहणारा मराठी वाचक सिंधी लेखनाकडे वळलाच नाही. धंदा यशस्वी झाला हे पाहून आपण समजलो की मुले तगली. भाषा तगली का हे विचारायचे आपल्याला सुचले नाही.

मराठी समाजालाही मदत घेण्याचा अनुभव नवा नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी लहानपणी पाहिला त्यांच्या बोलण्यात तो चवीच्या रूपाने येतो: सुकडी, आणि परदेशातून आलेली लाल मिलो. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या आईशेजारी सावलीला झोळी बांधलेली असे. मदत घेतलेल्या त्या पिढीने सुकडीबद्दल कृतज्ञता आणि मिलोबद्दल चीड एकाच वाक्यात बोलून दाखवली आहे, आणि ते आम्हाला अत्यंत निरोगी वाटते. लोकांच्या कष्टावर आणि हक्काच्या मागणीवर उभी राहिलेली रोजगार हमी योजना त्याच काळातली. भुकेल्याची सोशिकता वाखाणत बसण्याऐवजी काम मागण्याचा हक्क कायद्यात लिहिणे, हा तगवण्याचा एक प्रकार महाराष्ट्राने करून दाखवला. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर शेकडो मुले शिक्षणासाठी पुण्यात आणली गेली. त्यांतली पुष्कळ शिकून नावारूपाला आली. गावापासून दूर वाढण्याची किंमत काय पडली, हे त्यांतल्याच कोणी लिहिले तर ते कोणत्याही अहवालापेक्षा आम्ही अधिक आस्थेने वाचू.

आजचे उदाहरण हवे असेल तर ते फार दूर नाही. २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले आणि कॉक्स बाजारच्या डोंगरांवर बांबू-ताडपत्रीचे शहर उभे राहिले. त्या मुलांच्या चिवटपणाविषयी किती लिहिले गेले! मात्र बांगलादेशी शाळांचे दार त्यांना बंद होते. छावणीत 'शिक्षण केंद्रे' होती, त्यांत कोणत्याही मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाशिवाय थोडे वाचन, थोडी अंकओळख. म्यानमारचा अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू व्हायला २०२१ साल उजाडले. त्याच वर्षाच्या अखेरीस निर्वासित शिक्षकांनी आपापल्या झोपड्यांत चालवलेल्या शाळा बंद करण्याचे आदेश निघाले, आणि २०२५ मध्ये देणग्यांचा ओघ आटला तेव्हा लहान मुलांचे वर्गही थांबले. वळिवड्याच्या मुलांजवळ होते ते सारे इथे एकेक करून वजा झालेले दिसते: मान्यता असलेली परीक्षा नाही, आईला बाहेर पडून काम करण्याची मोकळीक नाही, पुढच्या वर्षाची तारीख नाही. उरते ते मूल, आणि त्याच्या छायाचित्राखालचा शब्द.

मुलांना नुसते सोसणारे ठरवून आम्ही त्यांचे कर्तेपण हिरावून घेत आहोत, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मुले करतात, पुष्कळ करतात. मोडक्या चाकाची गाडी करतात, रांगेत मागच्यासाठी जागा धरतात, धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढतात, आईपासून वाईट बातमी लपवतात. यांतले शेवटचे तर मोठ्यांनाही जमत नाही. आमचे म्हणणे फक्त हे की, हे सारे त्यांनी करणे ही आपल्या समाधानाची जागा असू शकत नाही. ज्या वयात कडेवर बसायचे त्या वयात कडेवर घ्यावे लागणे, याला गुण म्हणणे आम्हाला जमत नाही.

साहित्य शिकवणाऱ्यांना एक सुचवायचे आहे. आपण आत्मकथने शिकवतो, दलित आत्मकथनांतल्या भुकेची वर्णने शिकवतो, फाळणीचे साहित्य शिकवतो ते बहुधा पंजाबचे. 'स्थलांतर' या विषयावर प्रबंधही होतात. कोल्हापूरच्या महाविद्यालयांतून गांधीनगर बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. तिथे वळिवड्याच्या बराकीत आलेली, तेव्हा मुले असलेली, आणि आज थकलेली माणसे असतील. त्यांना कोणता प्रश्न विचारायचा याची तयारी करून जावे लागेल: बराकीच्या भिंतीवर परक्या लिपीत काही लिहिलेले दिसले होते का, पहिली शाळा कोणत्या भाषेत होती, कोणी काय वाटले आणि ते घेताना कसे वाटले, काय नाकारले. उत्तर सिंधीत आले तर ते सिंधीतच उतरवून घ्यावे आणि मग मराठीत आणावे. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे, तेव्हा हे काम पुढच्या शैक्षणिक वर्षावर टाकू नये.